वळिवडेचे पाहुणे

कापूसवेचणीच्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बाहेरगावची बिऱ्हाडे येऊन उतरतात. बांधावर पेटलेल्या त्यांच्या चुली आपण पाहतो. परंतु नाव-गाव विचारण्यास सहसा थांबत नाही. अशा वेळी आम्हांला कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाचे स्मरण होते.

१९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सैबेरिया व कझाकस्तान येथे हद्दपार केले. थंडी, उपासमार व रोगराई यांत अनेकांचा अंत झाला. १९४१ च्या करारानंतर ज्यांची सुटका झाली, त्यांतील काही कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. त्यांच्यासाठी १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांनी तेथे आश्रय घेतला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती.

छावणीचा खर्च लंडनस्थित पोलिश सरकार सोसत असे. मग कोल्हापूरने काय दिले? जागा दिली, आणि त्याहून मोलाचा विश्वास दिला. भाषा अनोळखी, वर्ण निराळा, धर्म वेगळा. तरीही या पाहुण्यांना आपल्या शाळा, आपले चर्च, आपले नाट्यप्रयोग चालविता आले. पोलिश माता आपल्या लेकरांना आपल्याच भाषेत प्रार्थना शिकवू शकल्या. आश्रयाच्या मोबदल्यात त्यांची ओळख कोणी मागितली नाही. आम्हांस वाटते, खरे आतिथ्य ते हेच.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. परंतु त्या भूमीचा धर्म संपला नाही. फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव त्याच जागी वसले; आजचे गांधीनगर ते हेच. एका परक्यासाठी उघडलेले दार दुसऱ्यासाठीही उघडे राहिले.

ज्यांना मायदेशी परतता आले नाही, अशा काही पोलिश जीवांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. वळिवडे येथे बालपण घालविलेली काही वृद्ध माणसे २०१९ साली पुन्हा कोल्हापुरास आली. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या ऋणाचे स्मारक आहे. सत्तर वर्षांनंतरही हे स्मरण टिकले, यातच त्या विश्वासाचे मोल दिसते.

आपल्यापाशी छावणी उभारण्याइतके बळ नसेल. पण बांधावरच्या चुलीपाशी क्षणभर थांबून नाव विचारणे, तहानलेल्यास तांब्याभर पाणी देणे, त्याच्या लेकराला आपल्या अंगणात खेळू देणे, एवढे तर आपल्याला साधेल ना?