ऐकलेला विनोद : सभा-नाटक, एकपात्री प्रयोग आणि ध्वनिफीत

चेन्नईतील मैलापूर, त्यागरायनगर, नुंगंबाक्कम यांसारख्या मध्यमवर्गीय वस्त्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ विनोदी नाटक वाढले ते 'सभां'च्या आश्रयाने. वर्गणीदार सभासदांच्या या संस्था नाटक मंडळीकडून प्रयोग विकत घेत आणि सभासदांपुढे तो करवीत. आज एक सभागृह, उद्या दुसरे. त्यामुळे नेपथ्य सुटसुटीत, हालचाल बेताची आणि सारा भार संवादावर. चो रामस्वामी यांच्या 'मुहम्मद बिन तुघलक' (१९६८) या राजकीय उपहासनाट्यातही बोलणे हीच मुख्य क्रिया आहे. एस. वे. शेखर यांच्या मंडळीसाठी क्रेझी मोहन यांनी लिहिलेल्या 'क्रेझी थीव्ज इन पालवाक्कम'पासून (१९७६) तर कोटीवर कोटी रचत जाणे हीच रचनेची रीत झाली. हे नाटक नव्हे, विनोदांची माळ आहे, असा आक्षेप या परंपरेवर घेतला गेला आणि तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु १९८०च्या दशकात शेखर यांची नाटके कॅसेटवर घरोघरी ऐकली जाऊ लागली, तेव्हा रंगमंचावरचा हा दोषच उपयोगी पडला. पाहण्याजोगे थोडेच होते, म्हणून न पाहताही फारसे हरवले नाही.

मराठीत ध्वनिफितीवरच्या विनोदाचा विचार पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्यापासून सुरू करावा लागतो. 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८चे. त्याचा एकपात्री प्रयोग १९६०च्या दशकाच्या आरंभीचा. 'अंतू बर्वा', 'म्हैस', 'रावसाहेब', 'सखाराम गटणे' यांची कथने पुढे ध्वनिफितींवरून ज्या श्रोत्यांपर्यंत पोचली, त्यांतील अनेकांनी मूळ पुस्तक उघडलेलेही नसेल. तमिळ कॅसेटमध्ये एक संपूर्ण मंडळी बोलते, तर मराठी कॅसेटमध्ये एकच माणूस सारी बिऱ्हाडे उभी करतो. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगातील बावन्न व्यक्तिरेखाही एकाच कंठातल्या. मराठी रंगभूमीला बहुपात्री प्रहसनाचे वावडे होते असे नाही. अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' (१९३३) किंवा 'मोरूची मावशी' आठवावे. तरीही श्रोत्याच्या कानात टिकली ती एकट्याची वाणी.

याचे कारण कीर्तनाच्या परंपरेत शोधता येईल. एकाच व्यक्तीने निवेदक, राजा, भिक्षुक आणि कजाग सासू अशी सोंगे केवळ आवाजाने वठवायची, मध्येच श्रोत्यांना टोमणा मारायचा आणि पुन्हा कथेकडे वळायचे, ही कीर्तनकाराची हातोटी महाराष्ट्राला जुनी परिचयाची. तुलनाकाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, तमिळ प्रदेशातील हरिकथेचा आजचा घाटही तंजावरच्या मराठी कीर्तनाशी जोडलेला आहे. रामचंद्रबुवा मोरगावकरांसारख्या कीर्तनकारांचा प्रभाव घेऊन तंजावर कृष्ण भागवतर (१८४७–१९०३) यांनी तो सिद्ध केला. साकी, दिंडी, ओवी हे प्रकार त्यात मराठीतूनच गेले. या 'कालक्षेपा'चेच विडंबन एन. एस. कृष्णन (१९०८–१९५७) यांनी 'किंदनार'मध्ये केले. चिदंबरमला देवदर्शनास जाण्याची आस धरणाऱ्या नंदनाराच्या जागी त्यांनी शिकण्यासाठी शहराची वाट धरणारा किंदन आणला. 'नल्ल तंबी' (१९४९) या चित्रपटामुळे त्या कालक्षेपाचा ध्वनी टिकला. तेव्हा सभा-नाटकाची कॅसेट आणि पुलंचे कथन परस्परांना परके वाटले, तरी 'किंदनार' आणि 'बटाट्याची चाळ' यांना दूरचे भाऊबंद म्हणता येते.

कथनाची मुद्रित संहिता आणि श्राव्य संहिता यांत जे अंतर पडते, ते केवळ शब्द गाळण्या-घालण्याचे नसते. अंतू बर्व्याच्या रत्नागिरी बोलीतील अनुनासिके आणि वाक्याच्या शेवटी येणारा हेल देवनागरीत अनुस्वार देऊन भागत नाही. रावसाहेबांचे बेळगावी, कानडी वळणाचे मराठी छापील पानावर वाचणारा पुणेकर ते आपल्याच सुरात वाचतो. ध्वनिफितीवर त्याला तसे करता येत नाही. त्याशिवाय हशा आहे. प्रयोगाच्या मुद्रणात प्रेक्षकांचा हशा ऐकू येतो, त्यासाठी वक्ता थांबतो, आणि त्या थांबण्याने पुढच्या वाक्याचे वजन ठरते. घरी दहाव्यांदा ऐकणारा श्रोता विनोद येण्याआधीच हसतो. परिचित कथेची पुनरावृत्ती अपेक्षून येणारा कीर्तनाचा श्रोता याहून फार वेगळा नव्हता. हसण्यासाठी नावीन्य आवश्यक असते, ही विनोदमीमांसेतील समजूत इथे तपासून घ्यावी लागेल.

मुद्रणाने सर्वच प्रकारांना सारखे तारले नाही. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या वगनाट्यात दादा कोंडके त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातले काहीही प्रयोगात आणीत. 'गाढवाचं लग्न'मध्ये दादू इंदुरीकरांची हजरजबाबी बतावणी त्या-त्या गावच्या प्रेक्षकांशी बांधलेली असे. अशा प्रयोगाचे मुद्रण केले, तर एका संध्याकाळचा पाठ कायमचा होतो आणि पुढची पिढी त्यालाच मूळ समजते. लोकनाट्याच्या अभ्यासकाला हे नुकसानच वाटेल. पुलंची गोष्ट वेगळी. त्यांची उत्स्फूर्ततादेखील पुष्कळशी आधी घोटलेली होती.

आकाशवाणीचा प्रश्न आणखी निराळा. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच'मधील प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी (प्रभाकर जोशी, नीलम प्रभू व बाळ कुडतरकर) हे कौटुंबिक विनोदाचे साप्ताहिक रूप होते. टेप महाग होती, आणि ती पुसून पुन्हा वापरणे ही नभोवाणीच्या जगात सर्वत्र रूढ असलेली काटकसर होती. ज्या विनोदाला पुस्तकाचा आधार नाही आणि ज्याची टेपही राहिली नाही, तो वाङ्मयेतिहासाच्या हाती लागत नाही. ज्याची टेप राहिली, त्याचीही नोंद पुस्तकाच्या प्रकाशनवर्षाखालीच होते. 'बटाट्याची चाळ'पुढे १९५८ हा आकडा पडतो. रंगमंचावर निवडून, कापून आणि नव्याने जुळवून उभी केलेली चाळ हा त्याच पुस्तकाचा परिशिष्ट-भाग ठरतो. चिकित्सक आवृत्ती काढायची झाल्यास तिच्या संपादकाला पुस्तक, रंगावृत्ती आणि ध्वनिफीत असे तीन पाठ समोर ठेवावे लागतील. तिसऱ्या पाठातील विराम, हेल आणि हशा कागदावर कोणत्या चिन्हांनी उतरवायचे, ही पाठसंपादनापुढची खरी अडचण आहे.