डब्यापासून ॲपपर्यंत



मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी स्वयंपाकघराला सुट्टी म्हणून आम्ही फोनवरून बिर्याणी मागवली. ती गेली शेजारच्या इमारतीत. पोचवणारा मुलगा तीनदा फोन करून, घामाने निथळत दारात उभा राहिला, आणि मला एकदम बाबांचा डबा आठवला. दादरहून फोर्टातल्या ऑफिसात तो वर्षानुवर्षे जात होता. कधी दुसऱ्याच्या टेबलावर गेल्याचे ऐकिवात नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचा आरंभ १८९० सालचा मानतात. महादू हावजी बच्चे यांनी सुमारे शंभर माणसांवर हे काम उभे केले. शहर वाढत होते, कचेऱ्या घरापासून लांब होत्या आणि बाहेरचे खाणे अनेकांना चालत नसे. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची माणसे या कामाला आली. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसे, म्हणून डब्यावर आधी रंगीत दोरे आणि पुढे रंगाच्या खुणा आल्या. कुठल्या स्टेशनात उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सगळे झाकणावर! एक डबा तीन-चार हातांतून जातो आणि रिकामा होऊन संध्याकाळी घरी परततो.

१९५६ साली त्यांचा ट्रस्ट नोंदला गेला. २००३ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले, ते आपण सगळ्यांनी कौतुकाने वाचले होते. पण माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. इथे कोणी कोणाचा नोकर नाही. मुकादमाच्या हाताखालची टोळी मिळकत वाटून घेते; नवा माणूस येताना सायकल आणि लाकडी खोका घेऊन, भांडवल घालून भागीदार होतो.

आता फोनवाल्यांकडे पाहा. कुवेतमध्ये २००४ साली ‘तलबात’ सुरू झाले. आपल्या सौदीत इब्राहिम अल-जासिम यांनी २०१२ मध्ये ‘हंगरस्टेशन’ काढले. ही दोन्ही नावे पुढे बर्लिनच्या ‘डिलिव्हरी हीरो’कडे गेली. भारतात दीपिंदर गोयल आणि पंकज चड्ढा यांनी २००८ मध्ये हॉटेलांची मेन्यूकार्डे इंटरनेटवर चढवली, तेच पुढचे ‘झोमॅटो’. जुलै २०२१ मध्ये त्याचे शेअर बाजारात आले. ‘स्विगी’ २०१४ ची, बंगळूरची. या मंडळींची हुशारी नाकारण्यात अर्थ नाही. हजारो अनोळखी हॉटेले आणि अनोळखी गिऱ्हाइके जोडणे हे डबेवाल्यांचे कामच नव्हते. पण दुचाकीवरचा मुलगा खेपेमागे पैसे घेतो. भागीदार तो नाही.

तरी भागीदारीनेही सगळे निभावले नाही. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि डबेही थांबले. कोणी गावी शेती धरली, कोणी पहारेकरी झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये लस घेतलेल्यांना लोकल खुली झाली, पण डबे पूर्वीइतके उरले नाहीत. निम्मी ऑफिसे घरूनच चालू लागली होती.

बाबांचा चार पुडांचा डबा मी मागच्या सुट्टीत यान्बूला आणला. झाकणावरची लाल खूण अजून दिसते. आईने कितीदा घासला असेल तो!