बार्शीची छोटी गाडी आणि कॅलथ्रॉपसाहेब

जुनी इंजिने, मोटारी आणि विमाने एका छपराखाली मांडणारे संग्रहालय आमच्या धाराशिव जिल्ह्यासाठी उभारायचे झाले, तर दारातच मी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराची तसबीर लावीन. या तिन्ही वाहनांशी या एकाच माणसाची गाठ पडली होती.

१८९७ साली त्याने कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचे गणित. म्हणून रूळ हलके आणि खर्चही बेताचा. पुढे ही गाडी निजामाच्या मुलखात शिरली आणि येडशी, ढोकीवरून १९११ मध्ये लातूरला पोहोचली. ढोकीजवळच गोरोबाकाकांचे तेर. कुर्डुवाडीहून १९०६ मध्येच पंढरपूरचा फाटा निघाला होता, त्यामुळे वारकऱ्यांची सोय झाली. जिल्ह्याचे गाव मात्र तिने बाजूलाच ठेवले! धाराशिवकराला गाडी गाठायची तर येडशीला जावे लागे.

कॅलथ्रॉपचा स्नेही चार्ल्स रोल्स (रोल्स-रॉइस मोटारीतला तोच) १९१० साली विमान कोसळून मेला. तेव्हापासून साहेब हवाई छत्रीच्या मागे लागले. पहिल्या महायुद्धात हेर त्यांच्या ‘गार्डियन एंजल’ छत्रीने शत्रूच्या मुलखात उतरले. लढाऊ वैमानिकांना मात्र ती वेळेवर मिळाली नाही. हे सरकारी शहाणपण!

छोटी गाडी जाऊन रुंद रूळ आले, तेव्हा, २००८ च्या सुमारास, मार्ग वळसा घालून धाराशिवला आणला गेला.