फाइलनाम-प्रत्यय व शेल

संगणकातील फाइलीच्या नावात टिंबानंतर येणाऱ्या छोट्या अक्षरगटास एक्स्टेन्शन किंवा प्रत्यय म्हणतात. टंकलेली आज्ञा वाचून योग्य ती आज्ञावली सुरू करून देणारी आज्ञावली म्हणजे शेल. एखादी फाइल चालवावयाची की नाही व ती कोणी चालवावयाची, हे तिच्या नावावरून ठरवावे की अंतरंगावरून, या प्रश्नाची उत्तरे दोन परंपरांनी वेगवेगळी दिली.

गॅरी किल्डाल (१९४२–९४) यांच्या सीपी/एम प्रणालीत नाव आठ, तर प्रत्यय तीन अक्षरांपर्यंत असे आणि ‘कॉम’ प्रत्ययाची फाइल आज्ञा म्हणून चाले. ही पद्धत १९८१ मध्ये एमएस-डॉसमध्ये आली. प्रत्ययाविना नाव टंकल्यास डॉसचा शेल प्रथम कॉम, मग ईएक्सई व अखेरीस बॅट या क्रमाने फाइल शोधी. बॅट ही आज्ञांची साधी यादी असल्याने शेल स्वतःच ती ओळीओळीने वाचून अमलात आणी. हा क्रम निरुपद्रवी वाटला, तरी मूळ ईएक्सई फाइलीला हातही न लावता तिच्या नावाची कॉम फाइल शेजारी ठेवणारे ‘सोबती’ विषाणू त्याच्याच आधारे पसरले. मौज अशी, की फाइल स्मृतीत चढविताना डॉस स्वतः प्रत्ययावर विसंबत नसे. आरंभी ‘एमझेड’ ही मार्क झ्बिकोव्स्की या रचनाकाराची आद्याक्षरे आढळल्यास ती ईएक्सई समजली जाई.

बेल प्रयोगशाळेतील युनिक्समध्ये प्रत्ययास असे महत्त्व नव्हते. फाइलीला चालविण्याची परवानगी असणे पुरे होई. डेनिस रिची (१९४१–२०११) यांच्या १९८० मधील योजनेनुसार स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘#!’ या चिन्हांपुढे दुभाषी आज्ञावलीचे नाव लिहितात व ते प्रणालीचा गाभा वाचतो. त्यामुळे स्क्रिप्ट दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिली, तरी तिचे नाव बदलावे लागत नाही. ही सोय साधी, परंतु दूरदर्शी होती.

विंडोज एनटीने प्रत्ययांचीच वाट रुंद केली. चालविण्याजोग्या प्रत्ययांची यादी ‘पाथएक्स्ट’ या चलात, तर प्रत्यय व दुभाषी यांच्या जोड्या रजिस्ट्रीत नोंदविल्या जाऊ लागल्या. मे २००० मध्ये मनिला येथून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूने याच नोंदींचा लाभ घेतला. त्याच्या फाइलीचे नाव ‘टीएक्सटी.व्हीबीएस’ असे संपे. परिचित प्रत्यय लपविण्याची विंडोजची रीत असल्याने शेवटचा भाग दिसत नसे व साधे पत्र समजून उघडलेली फाइल स्क्रिप्ट म्हणून चाले. पॉवरशेल (२००६) या नंतरच्या शेलमध्ये हा धडा दिसतो. त्याच्या ‘पीएसवन’ फाइलीवर दोनदा टिचकी मारल्यास ती न चालता नोटपॅडमध्ये उघडावी, आणि चालू फोल्डरमधील स्क्रिप्टचे नाव मार्गासह लिहिल्याखेरीज ती चालू नये, अशी मूळ व्यवस्था ठेवण्यात आली.