उपदेशावाचून समुपदेशन : कार्ल रॉजर्स

‘कौन्सेलिंग’ला मराठीत ‘समुपदेशन’ हा शब्द आता रुळला आहे. शब्द भारदस्त खरा, पण त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. आणि मनाने खचलेल्या माणसाच्या वाट्याला आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांकडून प्रथम येतो तोही उपदेशच. गंमत अशी की, ज्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञामुळे या व्यवसायाला विसाव्या शतकात आजचे रूप बरेचसे लाभले, त्या कार्ल रॉजर्स यांनी सारी हयात उपचारातून उपदेश वजा करण्यात घालविली. हे त्यांनी कोणत्या अनुभवातून केले आणि ते कोठे अडले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क येथे एका कर्मठ प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. ते बारा वर्षांचे असताना वडिलांनी शेती घेतली व घर तिकडे हलले. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी आरंभी शेतकीचाच अभ्यास केला. पुढे धर्मोपदेशक होण्याच्या इराद्याने ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले आणि दोन वर्षांनी ती सोडून समोरच्याच टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राकडे वळले. शेतावरची एक आठवण मात्र त्यांनी उतारवयापर्यंत जपली : हिवाळ्यासाठी तळघरात साठविलेल्या बटाट्यांना फिकट कोंब फुटत आणि ते दूरच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे वाढत जात. माणसाच्या ठायीही अशीच वाढीची ओढ असते, ही त्यांची श्रद्धा.

१९२८ ते १९४० ही बारा वर्षे त्यांनी रोचेस्टर शहरी, छळापासून मुलांचे रक्षण करणाऱ्या एका संस्थेत काढली. न्यायालयांनी व समाजसंस्थांनी धाडलेली मुले तपासणे, निदान करणे, उपाय सुचविणे असे कामाचे स्वरूप होते. तेथे एका व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या लहानपणी तिने त्याला दूर लोटले, हेच दुखण्याचे मूळ, असे रॉजर्स यांचे निदान. अनेक बैठकांत त्यांनी ते तिच्या गळी उतरविण्याचा यत्न केला. ती ऐकून घेई, पण पुढे काही सरकेना. अखेर प्रयत्न थांबवावा असे दोघांनीही मान्य केले. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारले की, येथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो काय? होकार मिळताच ती परत खुर्चीत बसली आणि आपल्या संसाराची सारी व्यथा तिने ओतली. कागदोपत्री नोंदलेल्या ‘केस’शी त्या व्यथेचे काहीच साम्य नव्हते. खरा उपचार तेथून सुरू झाला, असे रॉजर्स सांगत. कोठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि निदान करणाऱ्याच्या हुशारीपायी तेच ऐकावयाचे राहून जाते, हा बोध त्यांनी या प्रसंगातून घेतला.

११ डिसेंबर १९४० रोजी मिनेसोटा विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हा विचार प्रथम स्पष्टपणे मांडला. तोच आपल्या पद्धतीचा जन्मदिवस, असे ते मानीत. १९४२ च्या ‘कौन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ या ग्रंथात ‘रुग्ण’ जाऊन ‘क्लायंट’ आला. आपला ‘अशील’ हा शब्द अर्थाने त्याला जवळचा, पण त्याला वकिली वास येतो. इंग्रजी शब्दालाही तो येतो, हे पुढे रॉजर्स यांनीच कबूल केले. याच ग्रंथात एका उपचाराच्या आठही बैठका, ध्वनिमुद्रणावरून उतरवून, अक्षरशः छापल्या होत्या. तबकडी तीन-एक मिनिटांत भरे, ती सारखी बदलावी लागे. तोवर बंद दारामागे काय घडते याला उपचार करणाऱ्याच्या सांगण्यापलीकडे पुरावा नसे. मला विचाराल तर रॉजर्स यांचे हे कार्य त्यांच्या सिद्धान्ताइतकेच मोलाचे आहे. आपले बोलणे चव्हाट्यावर मांडावयास धैर्य लागते.

समोरच्याने सांगितलेली भावना आपल्या शब्दांत परत सांगावयाची, या त्यांच्या रीतीची पोपटपंची म्हणून पुष्कळ टवाळी झाली. ती अन्यायाची होय. आपण नुसते प्रतिबिंब दाखवीत नसून, मला समजले ते बरोबर आहे ना, हे पडताळून पाहतो, असा खुलासा त्यांनी उतारवयात केला. मध्य प्रदेशच्या महसूल खात्यात नोकरी झाल्याने मला हे चटकन पटते. बयान नोंदविल्यावर ते वाचून दाखवावे लागते, मगच खाली सही वा अंगठा होतो. कित्येकदा वाचून झाल्यावर माणूस म्हणे की, लिहिले ते खरे, पण मला म्हणावयाचे होते ते निराळेच. उत्तम बयान तेथून पुढे मिळे.

समानुभूती, विनाअट स्वीकार आणि उपचारकाची अंतर्बाह्य एकरूपता ही त्रयी १९५७ च्या निबंधात प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ते विस्कॉन्सिनला परतले आणि रुग्णालयातील स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर त्यांनी हीच पद्धत योजून पाहिली. येथे बोलणारेच कोणी नव्हते. एका अबोल तरुणासमवेत ते कित्येक मिनिटे निःशब्द बसून राहत. एकंदर निष्कर्ष अपेक्षेइतके अनुकूल निघाले नाहीत. १९६७ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाले.

मराठी वाचकांस रॉजर्स यांच्यापेक्षा त्यांचे समकालीन अल्बर्ट एलिस अधिक परिचित आहेत, ते मुंबईच्या कि. मो. फडके यांच्यामुळे. एलिस अविवेकी समजुतींशी थेट वाद घालीत. वादविवादावर पोसलेल्या आपल्या समाजास ते मानवले, यात नवल नाही. १९६४ साली हे दोघे आणि फ्रिट्झ पर्ल्स यांच्याशी एकाच स्त्रीच्या झालेल्या भेटींचा बोलपट घेण्यात आला. तिचे नाव ग्लोरिया. घटस्फोटानंतर आलेल्या पुरुषसंबंधांविषयी नऊ वर्षांच्या मुलीशी ती खोटे बोलली होती. खरे सांगावे काय, हा तिचा प्रश्न. रॉजर्स यांच्याकडे तिने उत्तरासाठी वारंवार हट्ट धरला, आणि त्यांनी ते दिले नाही. तिची घालमेल मात्र त्यांनी क्षणभरही नजरेआड केली नाही. हळूहळू तीच बोलू लागली की, मुलीपेक्षा मला स्वतःलाच माझे वागणे स्वीकारता येत नाही. शेवटी, तुमच्यासारखे वडील मला हवे होते, असेही तिने सांगितले.

तिघांपैकी कोणाकडे पुन्हा जावेसे वाटते, असे विचारल्यावर तिने पर्ल्स यांचे नाव घेतले. पत्रे मात्र ती पुढे सुमारे पंधरा वर्षे, मृत्यूपर्यंत, रॉजर्स यांना लिहीत राहिली. रॉजर्स ४ फेब्रुवारी १९८७ रोजी निवर्तले.