पडणारा माणूस कुणाचा?

एडवर्ड मुंकचं 'द स्क्रीम' आता मोबाईलच्या इमोजीतही सापडतं. लालभडक आकाश, कठडा, आणि दोन्ही हात कानांवर दाबून उभी असलेली आकृती. बहुतेकांना वाटतं, तीच किंचाळतेय. मुंकने १८९२ मध्ये लिहून ठेवलेली नोंद वेगळं सांगते. सूर्यास्ताच्या वेळी फिरताना त्याला निसर्गातून आरपार जाणारी किंकाळी जाणवली होती. म्हणजे ती आकृती कान झाकतेय! चित्र १८९३ चं.

अशा चित्रांवरूनच पुढे अभिव्यक्तिवाद उभा राहिला: डोळ्यांना दिसलं ते नाही, आत जाणवलं ते रंगवायचं. आपल्या कोल्हापूरकरांची नजर आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं आणि बाबूराव पेंटरांची व्यक्तिचित्रं बघून तयार झालेली. त्यामुळे 'माणूस असा वाकडातिकडा का काढलाय?' हा प्रश्न आपल्याला पडतोच. त्याचं एक उत्तर मुंबईत सापडतं, तय्यब मेहता यांच्या 'फॉलिंग फिगर' या चित्रात.

१९४७ च्या दंगलींच्या वेळी तय्यब विशीच्या उंबरठ्यापलीकडचे तरुण होते. महंमद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी खाली जमावाने एका तरुणाला मारून टाकताना पाहिलं. त्या धक्क्याने त्यांना ताप भरला. त्यानंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं शिक्षण झालं. कत्तलखान्यात पाय बांधून पाडलेला बैल त्यांच्या चित्रांत आला. पुढे काही वर्षं लंडनला काढली, तिथे फ्रान्सिस बेकनची चित्रं पाहिली. 'फॉलिंग फिगर' आलं १९६५ मध्ये, म्हणजे त्या घटनेनंतर १८ वर्षांनी. १९६८ मध्ये दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं.

या चित्रात जमाव नाही, शस्त्र नाही, रस्ताही नाही. फक्त तोल गेलेलं, खाली येणारं शरीर. मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. तय्यबनी दंगल जशीच्या तशी रंगवली असती, तर बघणाऱ्याने आधी काय शोधलं असतं? मारणारे कुठले आणि मेला तो कुठला. टोपी, कपडे, दाढी यांवरून हिशेब लागला असता, आणि आपल्या बाजूचा नसेल तर नजर पुढे सरकली असती. इथे तो हिशेब मांडायला जागाच नाही. वाकड्या आकाराने माणसाची ओळख पुसलीय, पण पडणं तेवढं ठेवलंय.

मुंकची भीती आकाशातून आली, तिला गुन्हेगार नव्हता. तय्यबच्या भीतीला गुन्हेगार होते, डोळ्यांनी पाहिलेले. ते त्यांनी चित्राबाहेर ठेवले. पडणारी माणसं मात्र ते पुढची कित्येक वर्षं रंगवत राहिले.