बालकांची शब्दसंपत्ती आणि लेखनस्पर्धेची कसोटी

प्राथमिक शाळेतील मुलांची शब्दसंपत्ती वाढावी म्हणून लेखनस्पर्धा भरवाव्यात, अशी सूचना शिक्षणक्षेत्रात वारंवार केली जाते. सूचना स्तुत्य आहे. परंतु स्पर्धेमुळे नेमके कोणते शब्द वाढतात, हा प्रश्न तिच्याबरोबर क्वचितच विचारला जातो. मूल पाठ केलेले शब्द वहीत उतरविते, की आजवर केवळ तोंडी असलेले शब्द प्रथमच लेखणीखाली आणते? भाषाशास्त्राच्या दृष्टीने या दोहोंत मोठे अंतर आहे. जपानमधील बाललेखनाच्या इतिहासात या प्रश्नाची जणू प्रत्यक्ष परीक्षाच झाली. म्हणून प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा विचार करावयाचा आहे.

जपानमध्ये १९०० च्या नियमांनी वाचन, अक्षरलेखन व रचना हे तिन्ही विषय 'राष्ट्रभाषा' या एकाच विषयात आणले. रचनेला 'त्सुझुरीकाता', म्हणजे गुंफण्याची रीत, असे नाव होते. परंतु गुंफावयाची फुले मात्र ठरलेली असत. विषय शिक्षकाने द्यावा, नमुना फळ्यावर लिहावा आणि ऋतुवर्णनातील वा अभिनंदनपत्रातील ठरीव वाक्ये मुलांनी थोडी फिरवून उतरावीत, असा शिरस्ता होता. १९०४ पासून शासकीय पाठ्यपुस्तके प्रचारात आली व टोकियोच्या सुशिक्षित वर्गाची बोली त्यांचा आधार बनली. ओकिनावातील शाळांत तर स्वतःची बोली बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकविली जाई. अशा स्थितीत खेड्यातील मुलाला लिहावयाचे म्हणजे घरचे शब्द शाळेच्या दाराबाहेर ठेवूनच आत यावे लागे.

या प्रथेला पहिला मोठा धक्का आशिदा एनोसुके या प्राथमिक शिक्षकाने दिला. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचना-अध्यापनावरील आपल्या ग्रंथात त्याने, विषयाची निवड मुलावर सोपवावी, असा आग्रह धरला. वरवर पाहता ही केवळ अध्यापनपद्धतीतील सुधारणा वाटते. वस्तुतः शब्दसंग्रहाच्या दृष्टीने ती मूलगामी होती. विषय मुलाचा झाला की त्या विषयाचे शब्दही मुलाचेच असावे लागतात; ते नमुन्यातून मिळत नाहीत.

पुढील पाऊल एका मासिकाने टाकले. नात्सुमे सोसेकीचा शिष्य, कथाकार सुझुकी मिएकिची याने जुलै १९१८ मध्ये 'आकाई तोरी' (लाल पक्षी) हे मुलांचे मासिक सुरू केले. आकुतागावासारख्या लेखकांनी त्यात मुलांसाठी कथा लिहिल्या, हे सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, मासिकाने प्रारंभापासूनच मुलांकडून रचना मागविल्या. जे पाहिले, ऐकले आणि मनात आले ते अलंकाराचा सोस न धरता लिहावे, अशी सुझुकीची अपेक्षा असे. आलेल्या लेखनातून तो निवड करी, निवडलेले छापी व त्यावर अभिप्राय देई. मुलांच्या कवितांची निवड किताहारा हाकुशू हा कवी करीत असे. यास औपचारिक अर्थाने स्पर्धा म्हणा वा न म्हणा. निवड, प्रसिद्धी आणि प्रशंसा ही स्पर्धेची तिन्ही अंगे तेथे होती. मात्र कसोटी उलटी झाली होती. पूर्वी नमुन्याशी जवळीक हा गुण होता. आता नमुन्याचा वास येणे हा दोष ठरला.

या कसोटीचे फळ तोयोदा मासाको हिच्या लेखनात दिसते. टोकियोतील एका गरीब पत्राकाम करणाऱ्या कारागिराची ही मुलगी प्राथमिक शाळेत असताना तिच्या रचना शिक्षकाने या मासिकाकडे पाठविल्या व त्या छापल्या गेल्या. पुढे १९३७ मध्ये त्या ग्रंथरूपाने आल्या आणि १९३८ मध्ये त्यांवर चित्रपट निघाला. घरातील भांडणे, पैशाची चणचण, आईवडिलांचे रोखठोक बोलणे हे सारे तिच्या लेखनात ज्या शब्दांत घडले त्याच शब्दांत येते. परंतु याचे मोलही द्यावे लागते. चित्रपटात असा प्रसंग आहे की, मुलीने कानावर आलेले बोलणे जसेच्या तसे लिहिल्यामुळे एक वजनदार गृहस्थ दुखावला जातो व वडिलांच्या कामावरच गदा येते. ऐकले ते लिही, असे मुलाला सांगणे सोपे असते. छापलेल्या शब्दाचे परिणाम त्याच्या घराला भोगावे लागतात.

सुझुकीच्या कसोटीलाही मर्यादा होतीच. निवड अखेर एकाच व्यक्तीच्या अभिरुचीने होई. छापून आलेल्या रचना नवे नमुने बनत व निरागसतेचीही एक ठरीव शैली तयार होई. हा आक्षेप पुढच्या पिढीतील शिक्षकांनी घेतला. १९२९ पासून 'जीवनलेखना'ची चळवळ संघटित झाली. १९३० मध्ये आकिता येथे 'होप्पो क्योइकू' (उत्तरेकडील शिक्षण) हे नियतकालिक निघाले. दुष्काळ व दारिद्र्य यांनी गांजलेल्या ईशान्य प्रांतातील या शिक्षकांनी मुलांच्या लेखनात बोलीला जागा दिली. शेत, थंडी, कर्ज यांविषयी मुले लिहू लागली. शासनाला यात राजकारणाचा संशय आला आणि १९४० पासून अनेक शिक्षकांना अटक झाली. मुलांच्या वह्यांतील साध्या शब्दांचे सामर्थ्य सिद्ध करणारा याहून बोलका पुरावा कोणता असू शकेल?

युद्धोत्तर काळात ही परंपरा पुन्हा वर आली. यामागाता प्रांतातील डोंगराळ यामामोतो गावात मुचाकु सेइक्यो या तरुण शिक्षकाने माध्यमिक वर्गातील मुलांकडून त्यांच्या जीवनाविषयी लिहविले. त्यांतील एगुची कोइची या मुलाने आईच्या मृत्यूनंतर आपल्या कुटुंबाच्या जमाखर्चाचा जो हिशेब मांडला, त्याला राष्ट्रीय स्पर्धेत शिक्षणमंत्र्यांचे पारितोषिक मिळाले. १९५१ मध्ये या वर्गाचे लेखन 'यामाबिको गाक्को' या नावाने प्रसिद्ध झाले. ही मुले प्राथमिक वयाच्या थोडी पुढची होती, हे खरे. पण तंबाखूची शेती, मदतीची रक्कम, कर्ज यांचे शब्द त्यांना कोणी शिकविले नव्हते. ते त्यांच्या जगण्यात होतेच. लेखनामुळे ते विचाराची साधने झाले.

या इतिहासावरून एक निष्कर्ष काढावयास हरकत नाही. ऐकून समजणारा शब्दसंग्रह आणि स्वतः योजता येणारा शब्दसंग्रह यांत नेहमीच अंतर असते. स्पर्धेने पहिल्यात भर पडेलच असे नाही. पण पहिल्यातील शब्द दुसऱ्यात आणण्याचे कार्य ती उत्तम रीतीने करू शकते. मात्र परीक्षकाची कसोटी त्यास अनुकूल हवी. आपल्याकडे 'आदर्श निबंधां'ची पुस्तके पाठ करून पावसाळ्याचे वर्णन करणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्याच मुलांच्या घरी पावसाच्या निरनिराळ्या तऱ्हांना निरनिराळे शब्द असतात. भुरभुर, रिपरिप, झड, वळीव. त्यांतील किती शब्द निबंधात येतात? प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहेच. परंतु घरच्या शब्दाला गुण कापून ती शिकविता येत नाही. स्पर्धा भरविण्यापूर्वी परीक्षकांनी एवढे जरी ठरविले, तरी पारितोषिक कोणाला मिळाले हा प्रश्न गौण ठरेल.